मामकाः



आजपासून गीता पुन्हा पहिल्यापासून. अध्याय पहिला, श्लोक पहिला.

खरं सांगू का, हा श्लोक मी कितीतरी वर्षं नुसता ओलांडून पुढे गेलोय. यात भगवंत बोलत नाहीत, अर्जुनही बोलत नाही. एक आंधळा राजा संजयाला विचारतो, कुरुक्षेत्रावर लढायला जमलेल्या माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केलं? बस्स, एवढंच. सातशे श्लोकांत धृतराष्ट्राच्या वाट्याला हा एकच श्लोक आलाय. त्यानंतर तो शेवटपर्यंत नुसता ऐकतो. आपल्याला घाई असते दुसऱ्या अध्यायाची, स्थितप्रज्ञाची. त्यामुळे हा म्हातारा दारातच उभा राहतो आणि आपण त्याच्या बाजूने आत शिरतो.

पण त्याच्या त्या एका वाक्यात एक शब्द आहे, ‘मामकाः’. माझे. आणि त्याच वाक्यात पुढे पांडव येतात ते ‘पांडव’ म्हणून, पांडूचे म्हणून. भावाची मुलं. बाप गेल्यावर याच्याच वाड्यात वाढलेली, याच्याच पाया पडून मोठी झालेली. तरी तोंड उघडलं की दोन ढीग आधीच पडलेले, माझे आणि त्याचे. युद्ध का झालं हे कोणी वेगळं समजावून सांगायची गरजच उरत नाही. व्यासांनी ते त्याच्याच तोंडून वदवून घेतलंय, आणि आपण काय बोलून गेलो याचा त्याला पत्ताही नाही. ज्ञानोबारायांनी या ठिकाणी त्याला शिव्या दिलेल्या नाहीत. पुत्राच्या मायेनं मोहून गेलेला, एवढंच म्हटलंय. आपल्यापैकी कुणाच्याही बापाबद्दल, आईबद्दल म्हणता येईल असं.

आज हे सगळं मनात यायला कारण झाली सत्संगातली एक मुलगी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, वाचन चांगलं आहे. तिनं विचारलं, “दादा, मला नाटकं बघायला फार आवडतं. नाटकातल्या माणसासाठी मी ढसाढसा रडते, आणि घरी आजी आजारी असते तेव्हा मला रडू येत नाही. खोट्या माणसांसाठी रडण्यात मी माझं मन वाया घालवतेय का?” मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. कलासुद्धा ईश्वराचीच वगैरे. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तिला ते पटलेलं नाही. मलाही पटलं नव्हतं. म्हणून आज नीट लिहितोय.

सुरुवात आमच्या धुळ्यापासून करतो.

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. सविनय कायदेभंगाचे दिवस. २१ फेब्रुवारीच्या रविवारी त्यांनी कैद्यांसमोर गीतेवर बोलायला सुरुवात केली आणि १९ जूनला अठरावा अध्याय संपवला. अठरा रविवार, अठरा अध्याय. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून चळवळीत आलेले. त्यांनी ती प्रवचनं हातानं भराभर लिहून घेतली, म्हणून आज आपल्याकडे ‘गीता प्रवचने’ आहे. आग्रा रोडवर खरेदीला जाताना माझ्या कितीदा मनात आलंय, की याच गावात, तुरुंगाच्या भिंतीआड, एक जण बोलत होता आणि एक जण लिहीत होता, आणि त्यातून केवढं मोठं काम उभं राहिलं.

पहिल्याच रविवारी विनोबा गीतेत शिरायच्या आधी पात्रांबद्दल बोलतात. रामायण-महाभारतातली माणसं आपल्या लोकांच्या जगण्यात किती खोलवर मुरली आहेत, हे ते सांगतात. मग व्यासांचं वैशिष्ट्य म्हणून एक गोष्ट दाखवतात. व्यासांनी कुणालाही कोरा करकरीत चांगला रंगवला नाही की संपूर्ण काळा रंगवला नाही. भीष्म, युधिष्ठिर यांच्यासारख्यांचे दोष दाखवले आणि कर्ण, दुर्योधन यांच्यासारख्यांचे गुणही दाखवले. विचार करा, हे ऐकणारे लोक कोण होते? सरकारनं ‘गुन्हेगार’ ठरवून आत टाकलेले. त्यांच्या समोर एक जण सांगतोय की पूर्ण दोषी आणि पूर्ण निर्दोष अशी माणसांची वाटणी व्यासांना मान्य नाही.

त्याच प्रवचनात न्यायाधीशाचा एक दाखला आहे. एक न्यायाधीश, ज्यानं आयुष्यात कितीतरी जणांना फाशी सुनावली. एक दिवस त्याचा स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर आला. आणि मग त्याला अचानक फाशीची शिक्षा माणुसकीला धरून नाही वगैरे सुचायला लागलं. विनोबा म्हणतात, अर्जुनाचं नेमकं हेच झालं होतं. त्याला काही अहिंसा सुचली नव्हती, त्याला नातेवाईक दिसले होते. तुम्ही पहिला अध्याय काढून मोजा. अर्जुनाच्या तोंडी ‘स्वजन’ हा शब्द चार वेळा येतो. अध्याय सुरू होतो धृतराष्ट्राच्या ‘मामकाः’नं आणि भरतो अर्जुनाच्या ‘स्वजन’नं. दोन्ही बाजूंना एकच दुखणं. फरक इतकाच की अर्जुनानं शेजारी बसलेल्याला ते दाखवलं आणि मला कळेनासं झालंय, तू सांग, असं म्हणाला. धृतराष्ट्राच्या शेजारीही संजय होता. त्याला त्यानं फक्त बातमी विचारली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. दुर्योधन, भीष्म हे खरे होऊन गेले की व्यासांनी रचले, या वादात आज मी पडत नाही. माझी श्रद्धा मला माहीत आहे, तुमची तुम्हाला. पण नाटकातला सुधाकर तर नक्की कधीच जन्मला नव्हता. तरी तो मला काही शिकवतो का?

‘एकच प्याला’ तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलंय माहीत नाही. राम गणेश गडकरी हे नाटक लिहून गेले ते जानेवारी १९१९ मध्ये, आणि ते रंगमंचावर आलं फेब्रुवारीत. त्यांना ते बघायला मिळालंच नाही. सिंधूचं काम बालगंधर्वांनी केलं, सुधाकराचं गणपतराव बोडसांनी. बालगंधर्व म्हणजे आम्हा जळगावकरांच्या जिव्हाळ्याचा विषय. त्यांच्या लहानपणाचा काही काळ जळगावात गेला, गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांनी तिथेच मेहबूब खाँकडे घेतले. जळगावात त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे.

सगळ्यांना वाटतं हे दारूच्या दुष्परिणामांचं नाटक. आहेच. पण मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भीती दारूची वाटली नाही. मी दारू पीत नाही, माळकरी घरातला आहे, त्यामुळे नाटक सुरू होताना मी अगदी निवांत होतो. हे आपल्याबद्दल नाही, या विश्वासानं. मग गडकरी सुधाकराची पहिली घसरण दाखवतात. सुधाकर हुशार वकील आहे, स्वाभिमानी आहे, बायकोवर प्रेम करणारा आहे. कोर्टात मुन्सफाशी त्याची खडाजंगी होते आणि सहा महिन्यांसाठी सनद जाते. चारचौघांत अपमान. ती आग त्याला सोसत नाही. आणि नेमक्या त्या वेळी त्याचा कारकून तळीराम ग्लास पुढे करतो. घ्या, विसर पडेल.

म्हणजे दारू नंतर आली. आधी काय होतं? मी एवढा हुशार, आणि माझा अपमान! हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. ऑफिसात माझं काम दुसऱ्याच्या नावावर दाखवलं गेलं, त्या रात्री मी अडीच वाजेपर्यंत मोबाईलवर रील्स बघत पडलो होतो. तळीराम माझ्या हातातच होता. तोही हेच म्हणत होता, घ्या, विसर पडेल. दुसऱ्या दिवशी हरिपाठ चुकला, तिसऱ्या दिवशीही चुकला. सुधाकर मधे एकदा सावरतो, दारू सोडतो, नोकरी शोधायला बाहेर पडतो. तिथे पुन्हा अपमान, आणि पुन्हा प्याला. नाटकाच्या शेवटी घरात जे होतं ते तुम्ही स्वतः वाचा, मी इथे सांगत नाही. इतकंच सांगतो की मरणाच्या दारात असलेली सिंधू पोलिसांपुढे नवऱ्याला वाचवायला खोटं बोलते. ते खोटं बोलणं थोर की चूक, यावर माझं मत अजून ठरलेलं नाही. आई म्हणते थोर. बायको म्हणते, असल्या थोरपणानंच बायका मेल्या. मला बायकोचं जास्त पटतं, पण बालगंधर्वांच्या आवाजातलं गाणं लागलं की आईचं पटायला लागतं.

तर सुधाकरानं मला जे दाखवलं ते माझ्या शेजारचा खराखुरा दारुडा कधीच दाखवू शकला नसता. कारण त्याच्याशी माझं देणंघेणं आहे. तो रात्री आरडाओरडा करतो, गाडी माझ्या गेटसमोर लावतो. त्याच्याकडे बघताना मी आधीच न्यायाधीश झालेला असतो. त्याची सनद कधी गेली, त्याचा मुन्सफ कोण, हे मला कोण सांगणार? आणि सांगितलं तरी मी ऐकणार का? नाटकातल्या माणसाशी मात्र माझं काहीच भांडण नसतं. तो माझं काही घेऊन जाणार नसतो. म्हणून मी दार उघडं ठेवून बसतो, आणि तो सरळ आत येतो, माजघरापर्यंत. त्या मुलीला आजीसाठी रडू येत नाही, कारण आजीचं औषध, आजीची चिडचिड, आपण जागू शकलो नाही याची टोचणी, हे सगळं मधे उभं असतं. रंगमंचावरच्या आजीशी तिचं असं काही अडलेलं नसतं. माझ्या मते तिथे आलेलं रडू खोटं नाही. ते खऱ्या आजीचंच असतं, वाट सापडत नव्हती म्हणून तिकडून निघालं. आता ते घेऊन घरी आजीजवळ बसायचं की थिएटरच्या दारातच पुसून टाकायचं, हे तिच्या हातात आहे.

इथे एक गंमतही होते. कुसुमाग्रजांचं ‘नटसम्राट’ १९७० चं. त्याच्यावरचा सिनेमा २०१६ च्या जानेवारीत आला तेव्हा मी वडिलांना घेऊन जळगावात बघायला गेलो होतो. हॉलमधे सगळे रडत होते, तरुण पोरंसुद्धा. म्हाताऱ्या बेलवलकरासाठी. पैसे चोरल्याचा संशय बापावर घेणाऱ्या मुलीच्या जागी मात्र स्वतःला कोणीच बसवलं नव्हतं. मीही नाही. सगळं थिएटर गणपतराव होऊन बाहेर पडलं. वडील गाडीवर मागे बसले होते, आकाशवाणी चौकापर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या मुलीचंही काही चुकत होतं असं मला वाटत नाही. संसार चालवायचा होता तिला.” मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं की त्या सगळ्या गर्दीत सिनेमा खरा बघितला तो त्यांनी.

आपण नेहमी सोयीचं पात्र घेतो. महाभारतातही तेच. प्रत्येक तरुण पोराचं स्टेटस बघा, कर्ण नाहीतर अर्जुन. विकर्ण कोणी ठेवलाय का? विकर्ण दुर्योधनाचा सख्खा भाऊ. द्यूतसभेत द्रौपदीनं प्रश्न विचारला, थोरथोर माणसं गप्प बसली, तेव्हा हा उठून बोलला की हे चुकतंय. केवढं धैर्य! आणि मग? मग युद्ध आलं तेव्हा तो कौरवांच्याच बाजूनं लढला आणि भीमाच्या हातून मेला. मारल्यावर भीमाला त्याचं वाईट वाटलं. मीटिंगमधे एकदा खरं बोलून नंतर पगाराच्या बाजूला उभा राहणारा माणूस मला रोज दिसतो. मी दाढी करतो तेव्हाही दिसतो. आणि भीष्म? युद्धाच्या आधी युधिष्ठिर आशीर्वाद मागायला जातो, तेव्हा पितामह स्वतः कबूल करतात की माणूस पैशाचा दास असतो आणि मी कौरवांच्या पैशानं बांधला गेलोय. ज्यानं बापासाठी राज्य सोडलं, लग्न सोडलं, त्याच्या तोंडी हे वाक्य! व्यासांना काय पडलं होतं हे लिहायची? झाकून ठेवता आलं असतं.

मला वाटतं नाथबाबांनी यावरचा उपाय भारुडात करून ठेवलाय. लहानपणी गावात सप्ताह असायचा, सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. शेवटच्या एखाद्या रात्री भारुडवाले यायचे. लुगडं नेसलेला मिशीवाला माणूस बघून आम्ही पोरं लोळून हसायचो. नाथांचं विंचवाचं भारुड तर सगळ्यांना माहीत आहे. त्यात विंचू चावतो तो स्वतःला. काम-क्रोधाचा विंचू, आणि बोंब मारणारा ‘मी’. एवढे मोठे संत, पैठणचे. शांतिब्रह्म म्हणतात त्यांना. त्यांना क्रोधाचा विंचू काय चावणार? पण ते ‘लोकांना विंचू चावतो’ असं म्हणत नाहीत. वेडी झाले तर स्वतः वेडी, भूत लागलं तर स्वतःला. सोंग घेतात ते ‘मी’ म्हणूनच. समोर बसलेल्या शेतकऱ्याला अवघड वाटत नाही, तो हसतो, आणि हसता हसता त्यालाही नांगी लागते.

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

आमचं मूळ गाव धुळे तालुक्यात, पांझरेच्या काठाला. आजोबांची आठ एकर जमीन. माझे वडील शिकले, नोकरीला लागले, जळगावात स्थायिक झाले. धाकटे भाऊ, म्हणजे माझे नाना, गावातच राहिले आणि वावर कसत राहिले. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली, पण वाटणी झाली नाही. कोणाला घाईही नव्हती. मग मी पुण्यात फ्लॅट घेतला, हप्ते सुरू झाले, आणि गावाजवळच्या जमिनीला भाव आल्याचं कानावर आलं. मी वडिलांच्या मागे लागलो. नाना दरवेळी म्हणायचे, कापूस निघू दे, मग बघू. कापूस निघाला की म्हणायचे, पाऊस पडू दे.

एका रात्री मी कुटुंबाच्या ग्रुपवर लिहिलं की आपल्या घरातही एक दुर्योधन आहे, सुईच्या टोकावर मावेल एवढी मातीही सोडणार नाही. खाली हसण्याच्या खुणा आल्या. आत्येभावानं शंख वाजवणारा श्रीकृष्ण टाकला. मला मजा वाटली. गीतेचा अभ्यास करणारा माणूस मी, दाखला अगदी चपखल दिला होता. उद्योगपर्वातला.

नानांकडे बटणांचा साधा फोन. चुलत बहिणीनं त्यांना ते वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. फक्त दर रविवारी वडिलांना येणारा त्यांचा फोन बंद झाला. वडीलही मला काही बोलले नाहीत, पण रविवारी सकाळी फोन जवळ घेऊन बसायचे.

हे चार-पाच महिने चाललं. पुढे पहिल्या प्रवचनातला तो न्यायाधीश वाचताना मला धरून आल्यासारखं झालं. मी एकटाच धुळ्याला गेलो, तिथून गावाला. नाना ओट्यावर बसले होते. मी पाया पडलो आणि म्हटलं, “नाना, माझं चुकलं. मी तुम्हाला दुर्योधन म्हणायला नको होतं.”

नानांनी तंबाखू मळत विचारलं, “दुर्योधन म्हणजे त्या आंधयाना पोऱ्या ना?”

मी म्हटलं, हो, धृतराष्ट्राचा.

“मंग मन्हा बाप आंधया व्हता का?”

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारत होते. आणि मला उत्तर देता येईना. कारण आजोबा शेवटची तीन वर्षं काचबिंदूनं खरोखर आंधळे होते. त्यांना हाताला धरून बाहेर नेणारे नाना होते, धुणारी-पुसणारी काकू होती. आम्ही दिवाळीला यायचो, फोटो काढायचो. पण त्याहून वाईट आठवण पुढची होती. नाना सातवीत असताना त्यांची शाळा बंद केली होती, वावरात माणूस हवा म्हणून. वडिलांची केली नाही. वडील धुळ्याला कॉलेजात शिकले, खोलीचं भाडं, मेसचे पैसे, सगळं त्याच वावरातून गेलं. आजोबांचे ‘मामकाः’ कोण होते? आम्ही होतो. मी दुर्योधन शोधत होतो तो चुकीच्या घरात.

तरी हेही लिहितो, नाहीतर खोटं होईल: वाटणीचा आमचा हक्क खरा आहे. कायद्यानं आहे, आणि नाना टाळत होते हेही खरं आहे. पांडवांचाही हक्क खराच होता. पाच गावं मागितली होती त्यांनी फक्त. पण हक्क खरा असला म्हणून मन स्वच्छ असतं असं व्यास कुठेच म्हणत नाहीत. शेवटी युधिष्ठिर सगळं सोडून, हिमालय चढून स्वर्गात पोहोचतो आणि पहिल्यांदा काय बघतो? दुर्योधन सिंहासनावर बसलेला. आणि धर्मराजाचा तिथेही संताप होतो. स्वर्गात! मी ते पूर्वी वाचलं तेव्हा मला युधिष्ठिराची बाजू बरोबर वाटली होती.

अहिराणीत माझं म्हणायला ‘मन्हं’ म्हणतात. नाना वावराला नेहमी ‘आम्हनं वावर’ म्हणतात, आमचं. मी इतकी वर्षं ते ऐकत होतो आणि त्या ‘आम्ही’त फक्त त्यांचं घर आहे असं धरून चाललो होतो.

मी गेलो तो नेमका कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी. मुद्दाम ठरवलं नव्हतं, जोडून सुट्टी मिळाली होती. शहरातल्या मित्रांसाठी सांगतो, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. त्या दिवशी रोट असतात. आमच्याकडे घरातल्या पुरुषांची डोकी मोजून प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, ते दळून पुरणपोळ्या होतात, सोबत खीर आणि गंगाफळाची भाजी. ते अन्न भाऊबंदांतच खायचं, बाहेर द्यायचं नाही. सोमवारी सकाळी कानबाईला नदीवर नेतात.

दळणाचा डबा ओसरीवरच ठेवलेला होता. काकूनं चहा आणला, मला बघितलं, त्या डब्याकडे बघितलं आणि म्हणाली, “तुन्हा पोऱ्यानी बी मूठ शे यामा.”

माझा मुलगा पुण्यात जन्मला. तेव्हा दीड वर्षांचा होता. नानांनी त्याला फक्त बहिणीच्या मोबाईलवर फोटोत पाहिलं होतं. वडिलांची एक, माझी एक, त्याची एक, अशा आमच्या तीन मुठी नानांनी त्या सकाळी आपल्या हातानं मोजून टाकल्या होत्या. मी येणार आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

वाटणी अजून झालेली नाही. या दिवाळीत मोजणी करू असं नाना म्हणालेत. कापूस निघाल्यावर.

उद्या श्लोक दुसरा.

राम कृष्ण हरी.